मिथुनेच्या पायाशी

चि. बाळास,


मिथुनेतल्या आयसी ४४३ या तेजोमेघाचा तुझा फोटो पाहिला. गच्चीवरून, ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीने अतिनवताऱ्याच्या अवशेषाची ती ईशान्येकडची कमान टिपलीस, याचा मला किती आनंद झाला ते ताईला विचार.

नैर्ऋत्येकडचे धागे मात्र खटकले. दोन तासांच्या एक्स्पोजरमध्ये ते इतके रेखीव येत नाहीत. सॉफ्टवेअरने नॉइजमधूनच ते विणले असावेत. सुमारे पाच हजार प्रकाशवर्षांवरून आलेल्या उजेडात पदरचे काही मिसळू नकोस, मग चित्र कितीही पुसट राहो.

उपाय आहे तो वेळेचा. एक्स्पोजर चौपट केलेस की नॉइजच्या तुलनेत खरा प्रकाश दुप्पट होतो, त्याहून जास्त नाही. म्हणून काही रात्री मिळून निदान आठ तास जमव. त्यासाठी बुऱ्हाणपूर फार चांगले! तुमचे गाव सव्वाएकवीस उत्तर अक्षांशाच्या आसपास, आणि तेजोमेघाची क्रांती साडेबावीस अंश उत्तर. डिसेंबरअखेर मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येतो, आणि तिथे मध्ये हवा सर्वांत कमी. युरोपातल्या निरीक्षकांना हे भाग्य नाही. त्याच वेळी माउंट पलटवावा लागतो आणि नळी तिवईच्या पायाला अडू शकते, तेव्हा झोपू नकोस. मार्गशीर्ष-पौषातल्या पौर्णिमा टाळ, चंद्र त्याच भागात असतो. तापीकाठच्या दवासाठी भिंगाला हीटरचा पट्टा बांध. शहराचा उजेड हायड्रोजन-अल्फाचा फिल्टर बराच अडवतो. ऑक्सिजनच्या हिरवट-निळ्या प्रकाशासाठी मात्र असीरगडापलीकडे, सातपुड्यात जा, आणि एकटा जाऊ नकोस.

जवळचा तांबूस प्रोपस तारा चित्रात भलताच पसरतो; त्याचे वलय खोडताना तेजोमेघही खोडला जातो. वलय राहू दे.

आता मुख्य काम. सगळ्या फ्रेम्सचे दोन गट कर, सम क्रमांकाच्या एकात, विषम दुसऱ्यात. दोन्हींचे स्टॅकिंग वेगवेगळे कर, धार अजिबात लावू नकोस. दोन्ही चित्रांत त्याच जागी दिसेल तो धागा ठेव, एकातच दिसेल तो सोड. डार्क आणि फ्लॅट फ्रेम्स घ्यायला विसरू नकोस, नाहीतर सेन्सरवरची धूळ दोन्हींकडे उमटेल आणि तीच तेजोमेघ वाटेल.

तारीख, फिल्टर, एक्स्पोजर वहीत लिहून ठेव. उन्हाळ्यात पुण्याला येशील तेव्हा वही आण. ज्योतिर्विद्या परिसंस्थेत नेतो तुला. हौशी निरीक्षकांची ती संस्था १९४४ पासूनची. त्याआधी ती दोन्ही चित्रे मला पाठव, नैर्ऋत्येचा कोपरा न कापता.

तुझा,
मामा