हट्टी नटाची समजूत

शीर्षक वाचून गॅदरिंगच्या नाटकातल्या एखाद्या नटाबद्दल काही चटपटीत वाचायला मिळेल असं वाटलं असेल, तर आधीच सांगतो, हा नट लोखंडाचा आहे. मोटारीच्या पुढच्या चाकाच्या मधोमध, आसाच्या टोकावर बसलेला. मेकॅनिकलवाल्यांनी तो पाहिलेला असतो, सिव्हिल-कॉम्प्युटरवाल्यांनी टोपी काढून कधी पाहिला नसेल. पण घरी जुनी गाडी असेल तर आज ना उद्या त्याच्याशी गाठ पडणारच.

आमची गाठ पडली ती घरच्या मारुती ८०० मुळे. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. तरी वर्धा, देवळी, पुलगाव, आर्वी भागात अजूनही ती अंगणात उभी दिसते. आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून घोंघों आवाज यायला लागला होता. वेग वाढला की आवाज वाढायचा, म्हणजे बेअरिंग गेलं होतं. आजीला दर महिन्याला पुलगावहून सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं असतं, त्यामुळे गाडी उभी ठेवून चालणार नव्हतं. एका गॅरेजवाल्याने नटाला पाना लावून पाहिला आणि निकाल दिला, "जाम झाला, कापावा लागते. आसही बदलावा लागन." म्हणजे चारशे-पाचशेच्या कामाला हजारोंचा फटका. बाबा म्हणाले, "तू एवढी मेकॅनिकल शिकून रायला, पाहा तरी एकदा!" मग दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस हा उद्योग केला. त्यात काय काय समजलं ते क्रमाने सांगतो.

हा नट करतो काय?

आजीच्या गोष्टीत दशरथाच्या रथाची खीळ निघते आणि चाक निसटू नये म्हणून कैकेयी तिथे आपलं बोट घालते. बैलगाडीच्या आसालाही अशीच खीळ असते. मोटारीत मात्र दोन वेगळी कामं आहेत. आसावर दातेरी खाचा असतात, त्या चाकाच्या हबमध्ये बसतात आणि इंजिनाची ताकद चाकाला पोचवतात. नट हा हब आणि बेअरिंग आवळून एकजीव ठेवतो. आणि नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून आरपार एक दुमडलेली पिन घातलेली असते. कैकेयीचं बोट म्हणजे ही पिन! काही गाड्यांत पिन नसते, तिथे नटाचा पातळ काठ ठोकून आसाच्या खाचेत दाबलेला असतो. पाना लावण्याआधी पिन पूर्ण काढायची किंवा तो दाबलेला काठ छिन्नीने हळूच उचलायचा. हे न करता जोर लावला तर आटे खराब झालेच समजा.

तो सुटत का नाही?

आता थोडं गणित. घाबरू नका, थर्ड इयरच्या मशीन डिझाइनपेक्षा सोपं आहे.

छोट्या गाड्यांचा हा नट साधारण २०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरायचा. उदाहरणादाखल आट्यांचा व्यास २० मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर घेऊ. नेहमीचं सूत्र असं: टॉर्क = ०.२ × व्यास × ताण. यातून ताण येतो सुमारे ५०,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ पाच टनांची आवळण!

गंमत पुढे आहे. या ताणाविरुद्ध नट उतारावरून पुढे सरकवायला प्रत्यक्षात लागतात फक्त १२ न्यूटन-मीटर. (ताण गुणिले आट्यांमधलं अंतर, भागिले २π, स्वतः करून पाहा.) उरलेले १८८ कुठे गेले? घर्षणात. अर्धेअधिक नटाच्या बुडाशी आणि बाकीचे आट्यांत. सोडवताना घर्षण पुन्हा विरोधच करतं, उतार मात्र त्या १२ ची मदत करतो. म्हणजे स्वच्छ नट आवळायला २०० तर सोडवायला सुमारे १७६. याचा अर्थ असा की नटाची लढाई ही जवळपास सगळी घर्षणाशी लढाई आहे.

आता त्यात दहा-पंधरा पावसाळ्यांचं पाणी आणि आपल्या काळ्या मातीचा चिखल मिसळा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. आट्यांमधल्या फटीत जागा आहेच कुठे? मग तो तिथे पाचरीसारखा बसतो. १७६ चे ३००-४०० सहज होतात. म्हणून केवळ जोर वाढवण्यापेक्षा आधी घर्षण कमी करायचं आणि मगच जोर लावायचा. सगळी युक्ती या क्रमात आहे.

शेजारी ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक काका राहतात. त्यांनी सूत्र न लिहिता हेच सांगितलं, "जोर नोको लावू रे बापू, आंधी तेल पिऊ दे त्याले!"

प्रत्यक्ष कृती

१. गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा. पहिला गिअर, हँडब्रेक आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. चाक जमिनीवरच राहू द्या, जॅक अजून लावायचा नाही. नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात. जॅकवर चढवलेल्या गाडीवर मोठा जोर लावला तर नट सुटण्याआधी गाडी जॅकवरून सुटते.

२. चाकाची टोपी काढा. तारेच्या ब्रशने आसाचं उघडं टोक आणि नट लख्ख करा. पिन पकडीने सरळ करून ओढून काढा. तुटली तर उरलेला तुकडा सुंब्याने ठोकून बाहेर काढा.

३. गंज सोडवणारं तेल आट्यांवर आणि नटाच्या बुडाशी सोडा. नटाच्या एकेका बाजूवर हातोडीने हलके टोले द्या, म्हणजे बारीक भेगांतून तेल आत शिरतं. आसाच्या टोकावर मात्र टोला नको, आटे चेपतील. तासाभराने पुन्हा तेल, झोपण्याआधी पुन्हा. रात्रभर मुरू द्या. ब्रेकच्या डिस्कवर तेल जाऊ देऊ नका, फडकं लावा.

४. नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा आणि त्याच मापाची सहा कोनी गोटी घ्या. बारा कोनी गोटी कोपऱ्यांवरच टेकते आणि कोपरे गोल करते. गोटीचं चौकोनी भोक अर्धा इंची न घेता पाऊण इंची घ्या. पिळाला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दीडपट जाड दांडा जवळजवळ ३.४ पट पीळ सोसतो. पातळ दांडा तुटला की तोंडावर येतो, हे विसरू नका.

५. दांड्यावर लोखंडी पाइप चढवा. वर्ध्याच्या भंगार बाजारात हवा तेवढा मिळतो. हात नटापासून १ मीटरवर असेल आणि तुम्ही ४० किलोचा भार दिलात तर टॉर्क होतो सुमारे ३९० न्यूटन-मीटर. पण पाइप आडवा असेल तरच! ४५ अंशांत कललेला असेल तर त्यातला तीस टक्के भार वाया जातो. म्हणून गोटी अशी बसवा की पाइप जमिनीला समांतर राहील आणि तुम्ही तो खाली दाबाल. बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजूंचे आटे उजवेच असतात, तरी आसाच्या उघड्या टोकावर आट्यांचा कल पाहून दिशा ठरवा.

६. इथे एक प्रश्न येतो. आपण जोर लावू, पण चाकच फिरलं तर? मारुती ८०० चं वजन सुमारे ६५० किलो. पुढच्या एका चाकावर साधारण २०० किलो येतात. घर्षणांक ०.७ आणि चाकाची त्रिज्या २६ सेंटिमीटर धरली तर जमीन सुमारे ३५० न्यूटन-मीटरपर्यंतच चाक धरून ठेवते. आपल्याला ३९० द्यायचे आहेत. म्हणून दुसऱ्या माणसाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा. नुसत्या हँडब्रेकचा उपयोग नाही, तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना असतो.

७. पहिला प्रयत्न उलटा, म्हणजे आवळण्याच्या दिशेने अगदी किंचित. मग सोडण्याच्या दिशेने. झटका नको, भार सावकाश वाढवा. पाइपवर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत. दांड्याचं गोटीजवळचं टोक खाली झुकत असेल तर त्याखाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्या.

आमच्याकडे बाबा ब्रेकवर, मी पाइपवर. पहिल्या दाबाला काहीच नाही. पुन्हा तेल, पुन्हा टोले, अर्धा तास चहा. दुसऱ्या वेळी 'कट्ट' असा आवाज आला. पाइप किंवा गोटी मोडली असं समजून बाबा आतूनच ओरडले, "काय तुटलं बे?" काही तुटलं नव्हतं. नट दोन खाचा सरकला होता. आवाज होता तो गंजाचा.

८. नट फक्त हलला की थांबा. पूर्ण काढू नका आणि तशी गाडी ढकलूही नका, कारण आवळणीशिवाय बेअरिंगवर गाडीचं वजन आलं की चांगलं बेअरिंगही खराब होतं. आता जॅक लावा आणि गाडी लोखंडी स्टँडवर टेकवा. विटा-दगडांवर कधीच नाही, वीट सूचना न देता फुटते. मग चाक काढा आणि नट हाताने सोडा.

तरीही न सुटला तर?

ज्योत लावण्याचा मोह होतो. नट दोनशे अंशांनी जास्त तापला तर २० मिलिमीटरच्या व्यासात जेमतेम ०.०५ मिलिमीटर फरक पडतो. गंज तडकायला तेवढा पुरतो, हे खरं. पण आतलं ग्रीस आणि रबरी सील तेवढी उष्णता सोसत नाहीत आणि नुकतंच तेल मारलेलं असतं, ते पेट घेतं. घरी हा प्रयोग नको. हवेवर किंवा विजेवर चालणारा ठोके देणारा पाना मिळाला तर उत्तम, त्याचे ठोके गंज मोडतात. शेवटचा उपाय म्हणजे नटाची एक बाजू करवतीने आट्यांपर्यंत न जाता कापायची आणि छिन्नीने फाकवायची. नट जातो, आस वाचतो. नटाचे पैसे किती, आसाचे किती, हिशेब सोपा आहे.

परत बसवताना

आटे स्वच्छ करा आणि पिन नवीनच घाला. ठोकून दाबलेल्या काठाचा नट असेल तर नटही नवीन. टॉर्क पाना आमच्या वर्कशॉपमधल्या सरांनी सही घेऊन दिला. तो फक्त आवळण्यासाठी असतो, सोडवायला वापरू नका. पडताळा पाहायला गॅसवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा पाइपला १ मीटरवर अडकवून काटकोनात ओढा. काटा २० किलो दाखवेल तेव्हा १९६ न्यूटन-मीटर झाले. भोक आणि खाच जुळत नसेल तर नट पुढे आवळून पुढची खाच जुळवा, मागे सैल करून कधीच नाही.

बेअरिंग दाबून बसवण्याचं काम प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्येच करून घेतलं, ते घरी होत नाही. पुढच्या महिन्यात आजी त्याच गाडीतून सेवाग्रामला गेली. घोंघों बंद असल्यामुळे वाटभर ती बोलत होती आणि आम्हाला ते ऐकूही येत होतं.

१९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगातून शिकवण्याची कल्पना मांडली. आपण तिच्यावर निबंध लिहून मार्क मिळवतो. पण घर्षणांक म्हणजे काय ते मला पाइप दाबताना जितकं कळलं तितकं पेपर लिहिताना कळलं नव्हतं. तेव्हा सुट्टीत घरी जाल तेव्हा निदान टोपी काढून तो नट पाहा, पिन जागेवर आहे की नाही ते बघा. आणि गोटी हवी असेल तर हॉस्टेलवर मागा. परत मात्र आणून द्या!