मुळांना वारा हवा

पोंगल होऊन आठवडा झाला होता. कुंभकोणमच्या मावशीकडे मी पहिल्यांदाच थंडीत गेले होते. थंडी म्हणजे काय, तर पहाटे अंगावर पातळ चादर घ्यावीशी वाटते, एवढीच. मावशी लग्न होऊन पुण्याहून इथे आली त्याला 38 वर्षं झाली. सासर तंजावरी मराठी. घरात बोलणं मराठी, बाजारात तमिळ. घराच्या मधोमध उघडा चौक आहे, त्याला इथे मुट्रम म्हणतात. चौकावरच्या लोखंडी गजांना तिची ऑर्किडं टांगलेली असतात. डेंड्रोबियमचे जांभळे-पांढरे तुरे, आणि कुंडीच नसलेले दोन वांडे, लाकडी चौकटीतून हातभर मुळं खाली सोडून लोंबणारे. पुण्यात माझ्या गॅलरीत तीन ऑर्किडं मेली होती, म्हणून मी वही घेऊनच तिच्याजवळ बसले.

मी : मावशी, मी रोज न चुकता पाणी घालत होते गं. तरी तिन्ही गेली.

मावशी : रोज घातलंस म्हणूनच गेली. कुंडीत काय होतं?

मी : नर्सरीतून आलं तसंच ठेवलं होतं. प्लॅस्टिकच्या कुंडीत ओलं शेवाळ कोंबलेलं. वरून मी थोडी माती घातली.

मावशी : म्हणजे मुळांचा श्वासच कोंडला. इकडे ये, या वांड्याचं मूळ बघ. कसं दिसतं?

मी : पांढरं. चुना लावल्यासारखं. वाळलंय का?

मावशी : थांब.

(तिने पितळी तांब्यातलं पाणी ओंजळीने मुळावर सोडलं. पांढरेपणा बघता बघता विरला आणि दहा-पंधरा सेकंदांत अख्खं मूळ पोपटी हिरवं झालं. टोक मात्र आधीपासूनच हिरवं होतं, मेणासारखं चकचकीत.)

मी : अगं, हे तर जिवंत आहे!

मावशी : बाहेरून दिसतं ते मेलेल्या पेशींचं वेष्टन, स्पंजसारखं. कोरडं असताना त्यात हवा असते म्हणून ते पांढरं दिसतं. पाणी भरलं की पारदर्शक होतं आणि आतलं हिरवं मूळ दिसायला लागतं. पावसाची सर आली की पटकन पिऊन घ्यायचं आणि मग वाऱ्यावर वाळायचं, अशी या मुळांची घडण आहे. चोवीस तास ओलं ठेवलंस तर ती कुजणारच. इथे कावेरीकाठी पाण्याला तोटा नाही, हवाही दमट. लोक झाडं पाण्याने मारतात, तहानेने फार थोडी मरतात. मी नव्या माणसाला एकच सांगते, मुळांना वारा मिळतोय का ते आधी बघ, पाण्याचं नंतर.

मी : पण झाडावर वाढतं म्हणजे बांडगुळासारखंच ना? त्या झाडाचा रस पिणारं?

मावशी : नाही गं. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घुसवतं. हे नुसतं फांदीवर बसतं, घर भाड्याने घेतल्यासारखं. पण हा घोळ जुना आहे. संस्कृतात झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला वंदा म्हणत, बांडगुळालाही तेच नाव. सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तोच शब्द या झाडाला दिला आणि 1820 मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी तो शास्त्रात पक्का केला. जगभर जो वांडा विकला जातो त्याचं नाव आपल्याकडचं आहे. आणि इथून दोन तासांवर तरंगंबाडी आहे ना, डेन्मार्कवाल्यांची जुनी वखार, तिथे लिनियसचा शिष्य योहान केनिग 1768 मध्ये आला. या किनाऱ्यावरच्या वनस्पतींचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू करणाऱ्या पहिल्या काही माणसांतला तो. ते वाचल्यापासून मला वाटायला लागलं की ऑर्किड ही केवळ डोंगरातली, सिक्कीमची गोष्ट नव्हे. हा समोरचा वांडा टेसेलाटा तमिळनाडूच्या सपाट, कोरड्या भागातल्या झाडांवर आपसूक वाढतो. पिवळट-तपकिरी, चौकड्यांच्या पाकळ्या, जांभळट जीभ, आणि वास काय गोड!

मी : हा कुठून मिळाला? रानातून?

मावशी : रानातून ओरबाडून आणायचं नाही, ते माझ्या घरात चालत नाही. अख्खं ऑर्किड कुळ वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटिस करारात आहे, आणि कायदा सोड, रानातलं उपटलेलं झाड बहुधा मरतंच. 16 नोव्हेंबर 2018 ला गजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागलं. पट्टुक्कोट्टैकडे यांच्या चुलत भावाच्या नारळांची रांगच्या रांग आडवी झाली. परसातली चिंचही पडली, आणि तिच्या फांद्यांवर हे दोन वांडे होते. फांद्या सरपणाला निघाल्या होत्या. मी फांदीसकट पोत्यात घालून आणले.

(ती क्षणभर गप्प राहिली. त्या घरी अजून नवे नारळ धरायचे आहेत, हे मला आदल्या रात्रीच्या बोलण्यातून कळलं होतं.)

मी : मग नवशिक्याने काय घ्यावं?

मावशी : इथल्या उन्हात सुखाने राहील ते. डेंड्रोबियमच्या संकरित जाती, त्यात ही जांभळी-पांढरी सोनिया, आणि वांडा. सीतेची वेणी असते ना आपल्या कोकणात आंब्या-फणसावर, तीही चालते. बाजारात सगळ्यांत जास्त फॅलेनॉप्सिस दिसतं. ते जगतं इथे, पण रात्री गार झाल्याशिवाय फुलाचा दांडा काढत नाही, म्हणून आम्हांला या दोन महिन्यांची वाट बघावी लागते. सिम्बिडियम मात्र घेऊ नकोस, कितीही सुंदर दिसलं तरी. त्याला डोंगरातल्या थंड रात्री लागतात. इथे पानं येतील, फूल येणार नाही, आणि दरवर्षी वाट बघून तूच खट्टू होशील.

मी : ऊन किती?

मावशी : पानमळा पाहिलायस ना?

मी : मिरजेकडे पाहिलाय. हादग्याखाली वेल चढवलेले.

मावशी : अगदी तसाच इथेही. कुंभकोणमचं विड्याचं पान नावाजलेलं, आणि वेल चढतात ते हादग्यावरच, इथे अगत्ती म्हणतात. त्या मळ्यात दुपारी बारा वाजता उभी राहा. अंगावर ऊन-सावलीच्या टिकल्या पडतात, वाचता येतं, पण चटका बसत नाही. तो उजेड डेंड्रोबियमला बरोबर. वांड्याला त्याहून थोडं जास्त. माझ्याकडे हादगा नाही, म्हणून चौकावर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लावलीय. पानांकडे बघत जा. गर्द हिरवी, लुसलुशीत झाली तर उजेड कमी पडतोय. फूल येणार नाही. किंचित पिवळट पोपटी हवीत. कडेला काळे-तपकिरी चट्टे म्हणजे भाजली.

मी : आणि मातीऐवजी?

मावशी : लाकडी कोळसा, फुटक्या कौलांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोनी काप. सोडण चार-पाच दिवस भिजवायचं, रोज पाणी बदलायचं. पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं, त्यातला क्षार जायला हवा. भोकं असलेली मातीची कुंडी. आणि झाडापेक्षा मोठी कुंडी नको. मोठ्या कुंडीत मधला भाग वाळतच नाही. दोन-तीन वर्षांनी सोडण कुजून भुसा होतं, तेव्हा सगळं बदलायचं.

पाणी सकाळीच, आणि कुंडी उचलून. हलकी लागली तर घाल, जड लागली तर राहू दे. ऐप्पसीच्या, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात मी आठ-आठ दिवस पाण्याला हात लावत नाही. मेमध्ये अग्नी नक्षत्रम्, म्हणजे सगळ्यांत कडक उन्हाचा काळ, लागला की वांड्याला दिवसातून दोनदा पाणी, कारण त्याच्या मुळांना कुंडीचा आधार नाही. आमच्या बोअरच्या पाण्याने कुंड्यांवर पांढरा थर धरतो. म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवते. तुझ्या पुण्यात एप्रिलचा वारा कोरडा असतो, तिथे खाली पाण्याचं ताट ठेव, झाड त्यात बुडवू नकोस मात्र. खत? 19:19:19, लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साधं पाणी देऊन मग. त्यात काही गुपित नाही.

मी : एकाची अनेक कशी केलीस ते सांग. पाच वर्षांपूर्वी तर दोनच कुंड्या होत्या.

(मावशीने स्टुलावर चढून एक डेंड्रोबियम खाली घेतलं. एका जुन्या, पानं गळलेल्या दांड्याच्या टोकाला वीतभर रोप फुटलं होतं. त्याला चार पानं होती आणि हवेत लोंबणारी बोटभर लांब पाच मुळं.)

मावशी : याला केकी म्हणतात. हवाईकडचा शब्द, अर्थ बाळ. मुळं निदान दोन इंच होईपर्यंत आईपासून तोडायचं नाही. लोक मुळं दिसली की लगेच कापतात, ती घाई नको. आणि बाळं फार व्हायला लागली तर हुरळून जाऊ नकोस. खालची मुळं कुजली की झाड वर जीव वाचवायला बघतं. आधी कुंडी उपसून पाहायची.

(तिने ब्लेड मेणबत्तीच्या ज्योतीवर धरलं, लाल झाल्यावर गार होऊ दिलं. एका झाडाचा विषाणू पात्यावरून दुसऱ्याला जातो, म्हणून प्रत्येक झाडाला पातं पुन्हा तापवायचं. मग जुन्या दांड्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेवून तिने बाळ कापून घेतलं. दोन्ही जखमांवर चिमटीने हळद दाबली. मुळांना हळद लागू दिली नाही.)

मावशी : आता दोन दिवस सावलीत, कोरडं. मग लहान कुंडीत कोळशावर बसवून सुतळीने बांधायचं. हललं तर नवी मुळं टोकाशी मोडतात. दुसरी पद्धत विभागणीची : आठ-दहा दांड्यांचा गड्डा झाला की तीन-तीन, चार-चार दांड्यांचे वाटे करायचे. पानं नसलेला दांडा मेला म्हणून फेकू नकोस, त्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. वांडा उंच झाला तर शेंडा कापता येतो, पण कापलेल्या शेंड्याला स्वतःची तीन-चार धडधाकट मुळं हवीत. खालच्या खोडाला बहुतेक वेळा धुमारे फुटतात.

मी : बिया पेरत नाहीस?

मावशी : पेरल्या होत्या. या दोन वांड्यांत एकाचा पराग काडीने उचलून दुसऱ्याला लावला. पराग धुळीसारखा नसतो, त्याच्या दोन पिवळ्या गोळ्या असतात, काडीला चिकटतात. शेंग धरली, महिनोन्‌महिने हिरवीच राहिली, मग फुटली. आतून निघाली ती पावडर, टाल्कमसारखी. एका शेंगेत लाखो बिया, आणि बाळाला शिदोरी एका दाण्याचीसुद्धा नाही. तांदळात, हरभऱ्यात अन्न भरलेलं असतं तसं यात काहीच नाही. मी मोठ्या आशेने कोळशावर, काथ्यावर शिंपडल्या, रोज फवारा मारला. एकही उगवलं नाही.

मी : मग रानात कसं उगवतं?

मावशी : बुरशीच्या जिवावर. नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच माणसाने 1899 मध्ये ते ओळखलं. विशिष्ट बुरशी बीमध्ये शिरते आणि तिच्याकडून बीला अन्न मिळतं. बुरशी भेटली नाही तर बी तसंच संपतं. पुढे 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नुडसन यांनी बुरशीऐवजी साखर घातलेल्या जेलीसारख्या माध्यमावर, जंतू नसलेल्या बाटलीत रोपं वाढवून दाखवली. आणि 1960 मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकावरून हुबेहूब तशीच झाडं केली. तुझी दीड-दोनशे रुपयांची सोनिया त्या वाटेने आलेली आहे. आमच्या लग्नाच्या वेळी ऑर्किडचा एक तुरा म्हणजे श्रीमंताघरची वस्तू होती. घरात मात्र बाटलीचं काम होत नाही. माझ्या चुलीपाशी तितकी स्वच्छ हवा नाही.

मी : म्हणजे त्या लाखो बिया वाया गेल्या.

(मावशी काहीच बोलली नाही. आत जाऊन टॉर्च घेऊन आली आणि मला परसात, विहिरीपलीकडच्या जुन्या आंब्यापाशी घेऊन गेली. पूर्वेकडची एक फांदी डोळ्यांच्या उंचीवर होती, शेवाळलेली, सालीला भेगा पडलेल्या. तिथे तिने उजेड धरला. आधी मला काही दिसेना. मग भेगेच्या कडेला नखाएवढी दोन हिरवी पानं दिसली, जाडसर, एकमेकांत अडकवलेली, आणि त्यांच्याखाली सालीला घट्ट चिकटलेलं सुतासारखं एकच पांढरं मूळ.)

मावशी : शेंग फुटली त्या दिवशी उरलेली पावडर मी इथेच वाऱ्यावर सोडली होती. दोन वर्षांनी, गेल्या आडीत, म्हणजे जुलै-ऑगस्टात, दिसलं. एवढं एकच.

मी : पाणी घालतेस?

मावशी : अजिबात नाही. लांबूनच बघते. तूही हात लावू नकोस.