दुबईत शाखा काढताना: कंपनीची कागदपत्रे अशी प्रमाणित करा

पुण्यातल्या नोटरीची सही खरी की खोटी, हे दुबईतल्या अधिकाऱ्याला कळणार कसे? म्हणून एका सहीची खात्री दुसरा अधिकारी देतो, त्याची तिसरा. या साखळीतली एक कडी जरी सुटली, तरी कागद परत येतो.

१. यादी लेखी मागवा. परवाना देणारे खाते किंवा फ्री झोन यांच्याकडूनच ती घ्या. बहुधा कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र, मेमोरँडम, आर्टिकल्स, बोर्डाचा ठराव आणि शाखाप्रमुखाच्या नावे मुखत्यारपत्र लागते.

२. मार्ग ठरवा. 1961च्या हेग अपोस्टिल कराराचा अंमल भारतात 14 जुलै 2005 पासून आहे. करारातल्या बहुतेक देशांना परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे एकच प्रमाणपत्र, पुरते. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवला होता. संयुक्त अरब अमिराती करारातच नाही, त्यामुळे तिथे दूतावासाचा शिक्का लागतो.

३. कागद तयार करा. नोंदणीच्या कागदांच्या प्रमाणित प्रती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवरून मागवा. ठराव लेटरहेडवर घ्या. मुखत्यारपत्र योग्य मुद्रांकावर करा. त्यातले नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवा.

४. नोटरी आणि चेंबर. नोटरी झाल्यावर, व्यापारी कागदांवर मान्यताप्राप्त चेंबर ऑफ कॉमर्सची सही घ्या. तिच्याशिवाय पुढचे दार उघडत नाही.

५. परराष्ट्र मंत्रालय. इथे कागद थेट स्वीकारत नाहीत. मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीकडेच द्यावे लागतात. 2019 पासून हे काम मुंबईतही होते, दिल्ली गाठावी लागत नाही.

६. अमिरातीचा शिक्का. तो दिल्लीतला दूतावास किंवा मुंबईतला वाणिज्य दूतावास देतो.

७. दुबईत पोचल्यावर. तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर घ्या. मग तिथल्या न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या अनुवादकाकडून अरबी भाषांतर करा. सगळे शिक्के उमटल्यावरच भाषांतर केले, तर शिक्क्यांवरचा मजकूरही त्यात येतो.

प्रत्येक टप्प्यानंतर कागद स्कॅन करून ठेवा. स्टेपल काढू नका, लॅमिनेशन करू नका.

आणि एक लक्षात असू द्या: हे सगळे शिक्के सही खरी असल्याचे सांगतात, मजकूर बरोबर असल्याचे नाही. ती जबाबदारी कंपनीचीच. म्हणून नोटरीकडे जाण्याआधी प्रत्येक कागद शांतपणे, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.