कळते पण वळत नाही : ॲप्रॅक्सिया या विकाराची ओळख

‘कळते पण वळत नाही’ ही म्हण आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते, आणि तीही बहुधा बोलणी खाताना. अभ्यासाचे महत्त्व समजूनही जो पुस्तक उघडत नाही, त्याला उद्देशून ती वापरतात. तिच्यात थोडा दोषारोप असतो : कळते ना, मग वळायला काय झाले? परंतु एक विकार असा आहे की ज्यात ही म्हण शब्दशः खरी ठरते आणि तिच्यातील दोषारोप मात्र सर्वस्वी खोटा ठरतो. त्या विकाराचे नाव ॲप्रॅक्सिया. मी मानसशास्त्राचा अध्यापक. हा शब्द मी अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. तरी तो मला खऱ्या अर्थाने समजला तो इंदूरला, माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात; आणि तोही तिला नको ते बोलून झाल्यावर.

आत्या लग्न होऊन इंदूरला गेली त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. रामबागेतल्या तिच्या घरी सणावाराला पंचवीस-तीस पाने सहज उठत आणि पुरणपोळ्या ती एकटी लाटत असे. गेल्या हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. मेंदूच्या डाव्या गोलार्धाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. शरीराची उजवी बाजू दुबळी झाली, बोलणे अडखळू लागले. सुदैवाने घरच्यांनी तिला तातडीने रुग्णालयात नेले. महिन्याभराने सुट्टीत मी इंदूरला गेलो तेव्हा ती घरात चालत होती आणि माझा हात तिने चांगला घट्ट धरला. मला वाटले, संकट टळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कंगवा हातात घेतला आणि तो गालावरून फिरवू लागली. मग थांबली, कंगव्याकडे पाहिले, तो उलटा धरला आणि खाली ठेवला. स्वयंपाकघरात वहिनीने तिच्या हाती लाटणे दिले. ते तिने पोळपाटावर उभे धरले आणि तशीच राहिली. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, “भाऊजी, काल संध्याकाळी यांनी आपल्या आपण पदर सारखा केला, तुळशीला हात जोडले. मग आपण सांगितल्यावरच का येत नाही? मनात येईल तेव्हा करतात.” मलाही ते पटले. मी आत्याला म्हणालो, “मुद्दाम करतेस का गं?” ती बराच वेळ शब्द शोधत राहिली. मग म्हणाली, “मला कळतं रे. हाताला कळत नाही.”

या विकाराची याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळलेली नाही.

दोन दिवसांनी तिला मज्जाविकारतज्ज्ञांकडे न्यायचे होते. मीही बरोबर गेलो. डॉक्टरांनी आधी तिच्या हातातली शक्ती पाहिली, टाचणी टोचून संवेदना पाहिली, “आँखें बंद कीजिए” यासारख्या साध्या सूचना दिल्या. त्या तिने पाळल्या. मग ते म्हणाले, “माँजी, नमस्ते करके दिखाइए.” आत्याचे हात वर आले, तळवे बाहेरच्या बाजूला वळले, एक हात कानाशी गेला आणि दोन्ही हात खाली आले. भाषा आडवी येत असेल म्हणून मी मराठीत सांगितले, तरी तेच. किल्ली नसताना कुलूप उघडण्याचा अभिनय करायला सांगितला, तेव्हा तिने आपले बोटच किल्ली असल्यासारखे हवेत फिरवले. तपासणी संपली. डॉक्टर उठले आणि हात जोडून म्हणाले, “अच्छा माँजी.” त्याच क्षणी आत्याचे दोन्ही हात छातीशी अगदी नीट जुळले.

हा विरोधाभास म्हणजेच ॲप्रॅक्सियाची खूण. प्रसंग आला की क्रिया होते, ‘करून दाखव’ म्हटले की बिघडते. स्नायूंत बळ आहे, संवेदना आहे, सूचना समजली आहे, करण्याची इच्छाही आहे. बिघाड आहे तो हेतू आणि हालचाल यांच्या मधल्या आखणीत. म्हणूनच हे निदान करण्यापूर्वी लकवा, हाताचा थरकाप, संवेदनानाश आणि भाषा न समजणे ही कारणे एकेक करून वगळावी लागतात.

आता थोडा इतिहास पाहू. ग्रीक भाषेत ‘प्रॅक्सिस’ म्हणजे क्रिया. त्यामागचा ‘अ’ आपल्या ‘अशक्य’, ‘अज्ञान’ यांतल्या ‘अ’सारखाच अभाव दाखवणारा. हा शब्द हायमान श्टाइनथाल या जर्मन भाषाभ्यासकाने १८७१ मध्ये वापरला. त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात, लंडनचे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी असे रुग्ण वर्णिले होते की ज्यांना सांगितल्यावर जीभ बाहेर काढता येत नसे, पण तीच जीभ ओठ चाटण्यासाठी सहज बाहेर येई.

या विकाराला शास्त्रीय पाया दिला तो बर्लिनच्या ह्यूगो लीपमन यांनी, १९०० मध्ये. त्यांचा रुग्ण होता ४८ वर्षांचा एक सरकारी अधिकारी. सांगितलेली क्रिया त्याच्याकडून धड होत नसे, त्यामुळे त्याची बुद्धीच गेली अशी समजूत झाली होती. लीपमन यांनी एक साधी गोष्ट केली. त्याचा उजवा हात धरून ठेवला आणि त्याच सूचना डाव्या हातासाठी दिल्या. डाव्या हाताने त्याने त्या बरोबर पार पाडल्या! विद्यार्थी मित्रांनी या ठिकाणी क्षणभर थांबून विचार करावा. समज नष्ट झाली असती तर दोन्ही हात चुकले असते. ज्या अर्थी एक चुकतो आणि दुसरा चुकत नाही, त्या अर्थी समज शाबूत आहे. एका साध्या प्रयोगाने एका माणसावरचा वेडेपणाचा शिक्का पुसला गेला.

पुढील काही वर्षांत लीपमन यांनी अर्धांगाच्या अनेक रुग्णांची तुलना केली. ज्यांची उजवी बाजू लुळी होती, त्यांतल्या सुमारे निम्म्यांना आपल्या धडधाकट डाव्या हातानेही सांगितलेल्या क्रिया नीट करता येत नव्हत्या. डावी बाजू लुळी असलेल्यांत मात्र असा दोष दिसला नाही. उजव्या अंगाचे नियंत्रण डावा गोलार्ध करतो हे ज्ञात होतेच. आता असे दिसले की, शिकलेल्या हालचालींची आखणी करण्याचे काम बहुतेक माणसांत दोन्ही हातांसाठी मुख्यतः डावाच गोलार्ध करतो.

आपण मराठीत ‘हाताला वळण लागणे’ असे म्हणतो. अक्षराचे वळण, पोळी लाटण्याचे वळण, सुईत दोरा ओवण्याचे वळण. वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेला हालचालींचा हा आराखडा डाव्या गोलार्धाच्या मागील-वरच्या भागाशी, म्हणजे पार्श्विक खंडाशी, निगडित असतो. तेथून तो कपाळामागील खंडाकडे जातो, तेथे हालचालींचा क्रम लागतो आणि मग स्नायूंना आज्ञा जाते. डाव्या हाताने काम करायचे असेल तर हा आराखडा दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्यातून उजवीकडे पोहोचवावा लागतो. वळण साठवणारा भाग दुखावला किंवा मधला रस्ता तुटला, तर ॲप्रॅक्सिया होतो. लीपमन यांच्या रुग्णाच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी झाली, तेव्हा हा जोडणारा पट्टा बराचसा नष्ट झालेला आढळला. तुटलेल्या रस्त्यांचा हा विचार अमेरिकेतील नॉर्मन गेश्विंड यांनी १९६५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नव्याने व सविस्तर मांडला.

या विकाराचे काही प्रकार मानले जातात. पहिल्यात कृती काय करायची हे माहीत असते, पण हाताची ठेवण, दिशा, वेग चुकतो. आत्याचा नमस्कार हे त्याचे उदाहरण. दुसऱ्यात वस्तूचा उपयोग किंवा अनेक पायऱ्यांच्या कामाचा क्रमच हरवतो : चहा गाळून झाल्यावर पूड टाकणे, पेटवण्याआधीच काडीवर फुंकर मारणे. तिसऱ्यात ओठ, गाल, जीभ यांच्या ऐच्छिक हालचाली बिघडतात. कारणांमध्ये अर्धांगाचा झटका प्रमुख. त्याशिवाय डोक्याला मार, मेंदूतील गाठ, अल्झायमरसारखे वृद्धापकाळी बळावणारे विकार.

वाणीचाही ॲप्रॅक्सिया असतो. ही कल्पना १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या फ्रेडरिक डार्ली यांनी रूढ केली. तो समजून घ्यायला आपल्या वर्णमालेसारखे साधन नाही. आपली व्यंजने उच्चारस्थानानुसार लावलेली आहेत : कंठ्य क, दंत्य त, ओष्ठ्य प. वाचकांनी ‘प-त-क, प-त-क’ असे भराभर म्हणून पाहावे. ओठांपासून दातांकडे आणि तेथून घशाकडे असा हा प्रवास आपण विचार न करता करतो. स्नायूच दुबळे असतील तर उच्चार प्रत्येक वेळी साधारण सारखाच अस्पष्ट येतो. वाणीच्या ॲप्रॅक्सियात मात्र जीभ जागा शोधत चाचपडते, चुका दर वेळी निराळ्या होतात, शब्द लांबला की अडचण वाढते. असा माणूस एखाद्या वेळी आपले नाव सांगू शकत नाही, पण ‘राम राम’ सहज म्हणून जातो.

लहान मुलांतही वाणीचा ॲप्रॅक्सिया आढळतो आणि त्यात मेंदूला इजा झालेली दिसेलच असे नाही. मूल ऐकते, समजते, पण त्याचे उच्चार जुळत नाहीत. काहींच्या बाबतीत कारण आनुवंशिक असते : लंडनमधील एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांत दिसलेल्या अशा दोषाचे मूळ ‘फॉक्स-पी-२’ या जनुकात असल्याचे २००१ मध्ये सिद्ध झाले. अशा मुलाला वर्गात ‘मठ्ठ’ म्हणणे किती अन्यायाचे आहे, हे शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत, म्हणून आणखी एक मुद्दा. इंदूरच्या मराठी घरांत आतली भाषा मराठी आणि दाराबाहेरची हिंदी. सीमाभागात मराठी-कन्नडाचे तसेच. परक्या भाषेत दिलेली सूचना रुग्णाने पाळली नाही, तर दोष समजण्याचा की आखणीचा हे कसे ठरवणार? म्हणून घरच्या भाषेत तपासणी होणे अगत्याचे. इंदूरच्याच महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात मज्जाविकारांचे प्राध्यापक राहिलेले डॉ. अपूर्व पौराणिक यांनी मेंदूविकाराने भाषा जाण्याच्या विषयावर काम केले आहे आणि सामान्य वाचकांसाठी हिंदीतून लिहिले आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था (स्थापना १९६५) आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) येथे वाणी-उपचारतज्ज्ञ तयार होतात. आपल्या विद्यार्थ्यांनी या वाटेचा अवश्य विचार करावा.

उपचाराचे काय? ॲप्रॅक्सिया बरा करणारी गोळी नाही. झटक्यानंतर पहिल्या काही महिन्यांत मेंदू स्वतःहून काही प्रमाणात सावरतो. बाकी भिस्त सरावावर. त्याचे नियम घरातही पाळता येतात. अभिनय करायला न सांगता खरी वस्तू हाती द्यावी, तीही तिच्या नेहमीच्या जागी व वेळी. एका वेळी एकच पायरी सांगावी. समोर करून दाखवावे, लागल्यास हातावर हात ठेवून सुरुवात करून द्यावी. घाई करू नये. सुरी, विस्तव, उकळते पाणी यांपाशी एकटे सोडू नये. आणि मुळात, चेहरा वाकडा होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांतले काहीही अचानक घडले तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे; गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

त्या दिवशी घरी परतल्यावर मी आत्याची क्षमा मागितली. तिने नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला; त्या हालचालीत काही चूक नव्हती. आता वहिनी रोज सकाळी कणकेचा गोळा पोळपाटावर ठेवते, आत्याच्या हातांवर आपले हात ठेवून लाटणे दोनदा फिरवते आणि मग हात काढून घेते. पुढची पोळी आत्या लाटते. कधी जमते, कधी मधेच हात थांबतो. मग वहिनी पुन्हा हात लावते. पूर्वीसारखे सगळे होईल असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. पण ‘मनात येईल तेव्हा करतात’ हे वाक्य त्या घरात पुन्हा कोणी उच्चारले नाही.

आपल्याही घरी, शेजारी, वर्गात असा कोणी असेल. ‘कळते ना, मग वळत का नाही?’ असे विचारण्यापूर्वी त्याला खरोखरच कळते आहे, एवढे आपण मान्य केले तरी या लेखाचे प्रयोजन सफल झाले असे मी समजेन.