मुलांची शिस्त आणि न्यायालयाची मर्यादा

मुलांना शिस्त लावणे हे आईवडिलांचे काम. त्यात न्यायालय लक्ष घालते ते मुलाच्या शरीराला किंवा मनाला इजा पोहोचू लागल्यावर. मुलाने किती वाजता झोपावे, मोबाईल किती वेळ पाहावा, शिकवणी कोणाकडे लावावी, हे न्यायाधीश सहसा ठरवून देत नाहीत.

भारतीय न्याय संहितेचे कलम 27 बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते. 1 जुलै 2024 पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम 89 मध्ये होती. पण शिस्तीच्या नावाखाली केलेल्या गंभीर दुखापतीला हे संरक्षण नाही. ताब्यातील मुलाला मारहाण, छळ किंवा जाणूनबुजून हेळसांड करून विनाकारण त्रास दिला, तर बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 75 खाली 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शाळेत मात्र 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे. मुलाच्या ताब्याच्या वादात 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार मुलाचे हित सर्वांत वरचे.

प्रस्तुत लेखक सोलापूरचा. पत्नीपासून विभक्त झाल्यावर आईकडे मुलाचे लाड होतात, या समजुतीने त्याने अर्ज केला. पुरावा म्हणून वही ठेवली: ‘रात्री 11.20, मोबाईल चालू’, ‘गृहपाठ नाही’. तारखांवर तारखा पडल्या. न्यायालयाने विचारले ते मुलाची शाळा, तब्येत आणि वडिलांच्या भेटी यांविषयी. वहीतल्या वेळांविषयी काहीच नाही. ती वही एके दिवशी मुलाच्या हाती लागली. त्याने पाने उलटली आणि विचारले, “पप्पा, यात माझं चांगलं काहीच का नाही?” अर्ज मागे घेतला गेला, पण मुलगा काही महिने मोकळेपणाने बोलला नाही.

अशा वादात पडणाऱ्या पालकांनी क्रम लक्षात ठेवावा. झोप, अभ्यास, मोबाईल यांवरचे मतभेद आधी आपसांत, मग समुपदेशकापुढे किंवा मध्यस्थीत मांडावेत आणि जे ठरेल ते संमतीने लिहून घ्यावे. अंगावर वळ, उपासमार, कोंडून ठेवणे किंवा सततची दहशत दिसली, तर मात्र एक दिवसही थांबू नये: 1098 वर कळवावे, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जावे, डॉक्टरांकडून तपासणी करून कागद जपावेत. पहिल्या प्रकारच्या तक्रारीला दुसऱ्या प्रकारचे रूप कधीही देऊ नये; त्याची किंमत मूल मोजते.