"मी कोण?" : डळमळणारे मन आणि मंडळीची जबाबदारी

अभ्यासासाठी वाचन : स्तोत्र 139:1-18; याकोब 1:2-8 व 2:14-17; योहान 21:15-19

मुख्य विचार : ज्याला स्वतःची ओळख धरून ठेवता येत नाही त्याला अविश्वासू ठरवू नये, त्याला उपचार मिळवून द्यावे आणि त्याची सोबत सोडू नये.

नल्लकुंट्यातील एका घरी भरणाऱ्या आमच्या प्रार्थनासभेला एक तरुण मुलगी येत असे. एका आठवड्यात ती सेवाकार्याला वाहून घेण्याचे ठरवी, तर पुढच्या आठवड्यात देवळाची पायरी चढणार नाही म्हणे. आज जिच्या गळ्यात पडे तिलाच उद्या वैरीण समजे. एकदा सभा संपल्यावर ती मला म्हणाली, "काका, मी कोण आहे तेच मला कळत नाही. समोर जो असेल त्याच्यासारखी मी होते. एकटी असले की आत कोणीच नसतं."

मी काय केले? याकोबाच्या पत्रातील द्विबुद्धीच्या माणसाविषयीचे वचन काढून दिले आणि उपास करायला सांगितले. पंधरा दिवसांनी तिने स्वतःला गंभीर इजा करून घेतली. ती वाचली, ही प्रभूची कृपा. पण माझी चूक मला त्या दिवशी कळली. पुढील धडा मी आधी स्वतः शिकलो आहे.

1. प्रत्येक प्रश्न हा आजार नव्हे

आमच्या भागातील मराठी ख्रिस्ती मूल घरी मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलते. भाषा चार झाल्या म्हणून 'मी' चार होत नाहीत. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. 1858 साली जन्मलेल्या ह्या बाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, पुढे भाऊ आणि पतीही गेले. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. किती स्थित्यंतरे! तरी निराधार स्त्रियांची सेवा हे सूत्र केडगावच्या मुक्तिसदनापर्यंत तुटले नाही. बदल म्हणजे अस्थिरता नव्हे. तरुण वयात "मी कोण?" असे विचारणे हेही स्वाभाविक आहे.

2. धागा निसटतो तेव्हा

आई रागावली तरी ती आपलीच आई, आणि काल चुकलेला मी आजही तोच मी, हे निरोगी मन न सांगता धरून असते. काहींच्या मनात हा धागा फार कच्चा असतो. मग समोरच्याचा चेहरा हाच आरसा होतो. तो हसला तर मी चांगला, त्याने तोंड फिरवले तर मी नाहीच. म्हणून टाकले जाण्याची विलक्षण भीती, एकाच माणसाला आज देवदूत व उद्या राक्षस मानणे, रितेपणा, अनावर संताप आणि स्वतःला इजा करणे ही लक्षणे दिसतात. ह्यालाच डॉक्टर 'बॉर्डरलाइन' व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात.

इतर व्यक्तिमत्त्व विकारांतही हा धागा वेगळ्या रीतीने दुखावलेला असतो. कोणी आतल्या डळमळीवर मोठेपणाचे कवच चढवतो, तर कोणी दुसऱ्याच्या इच्छेवरच जगतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ह्या विकारांची परीक्षा दोन गोष्टींवरून होते : माणसाचे स्वतःशी नाते आणि इतरांशी नाते. हा बिघाड साधारण दोन वर्षे वा अधिक टिकलेला आणि जीवन अडवणारा असावा लागतो. हे ठरवणे मनोविकारतज्ज्ञाचे काम आहे. घरातील सुनेला किंवा हट्टी मुलाला हे नाव आपण चिकटवू नये.

3. दोष कोणाचा?

आमच्या नल्लकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलला जुने लोक 'कोरंटी' म्हणतात. 'क्वारंटीन'चा तो अपभ्रंश. त्याला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे. मलेरिया दूषित हवेने होतो असे लोक पूर्वी मानत. 1897 साली सिकंदराबादेत रॉस यांना त्याचे जंतू डासाच्या पोटात सापडले. आज ताप आलेल्याला आपण कोरंटीत नेतो. तुझा विश्वास कमी पडला काय, असे विचारत नाही. मनाच्या आजाराला मात्र विचारतो! निजामाच्या काळी मनोरुग्णालय जालन्याला होते, ते 1953 साली एर्रागड्ड्याला आले. 'एर्रागड्डा' हा शब्द आपण थट्टेत वापरतो, ह्याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

ह्या विकारामागे जन्मजात हळवा स्वभाव असतो, आणि पुष्कळदा बालपणीचा छळ किंवा हेळसांडही असते. मात्र प्रत्येक वेळी आईबापांना दोष देणे अन्यायाचे होईल.

याकोब ज्याला द्विबुद्धीचा म्हणतो तो देवाजवळ मागतो आणि त्याच वेळी संशय धरतो. ज्याचे मन दुखावले गेले आहे अशा माणसाविषयी ते वचन नाही. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, उघड्या-उपाशी माणसाला नुसते 'सुखाने जा' म्हणणाऱ्याचा निषेध आहे. तो माणूस मी होतो.

4. उपचार आणि आशा

ह्या विकारावर मुख्य उपचार मानसोपचाराचा आहे. औषधे गरजेप्रमाणे साहाय्य करतात. अमेरिकेतील मार्शा लिनेहन यांनी एक परिणामकारक पद्धत घडवली. स्वतः 17व्या वर्षी मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी 2011 साली जाहीरपणे सांगितले. आहे तसे स्वीकारणे आणि तरीही बदलायला शिकवणे, ही दोन्ही त्यांच्या पद्धतीची अंगे आहेत. कृपा आणि पश्चात्ताप एकत्र शिकलेल्या आपल्याला हे परके वाटू नये. बहुतेकांची लक्षणे काही वर्षांत पुष्कळ कमी होतात.

5. मंडळीने काय करावे?

(अ) भेटीचा दिवस ठरवावा आणि पाळावा. पाळता येणार नाही असे वचन देऊ नये.
(आ) स्तुतीने फुगू नये, शिव्यांनी पळू नये. मर्यादा शांतपणे सांगावी.
(इ) मरणाची भाषा कधीही नाटक समजू नये. सरकारची 'टेली-मानस' सेवा 14416 ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. धोका दिसला तर माणसाला एकटे सोडू नये, थेट रुग्णालयात न्यावे.
(ई) प्रार्थना करावी. पण डॉक्टरऐवजी नव्हे, डॉक्टरसह.

पेत्राने मरेपर्यंत सोबत देण्याची शपथ घेतली आणि त्याच रात्री नाकारले. पेत्र मनोरुग्ण होता असे नव्हे. पण प्रभूने त्याला त्या एका रात्रीवरून मोजले नाही. नाव घेऊन तीनदा विचारले आणि काम सोपवले. स्तोत्रकर्ताही म्हणतो की, आपले उठणे-बसणे देवाला ठाऊक आहे. आपला धागा आपल्या हातून सुटला तरी त्याच्या हातून सुटत नाही.

ती मुलगी आज उपचार घेत आहे. परवा म्हणाली, "काका, मन अजून उसळतं. पण आता मी थांबते, आणि उद्याही मीच असेन हे आठवते." दर रविवारी मी तिच्या घरी जातो. वचन काढून देण्याची घाई आता करीत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत कोणाला आपण 'लहरी' म्हणून दूर केले आहे काय?
2. एखादे वचन औषध न ठरता घाव कधी ठरते?
3. ह्या महिन्यात कोणाच्या घरी आपण नेमाने जाऊ?