पंप बंदुकीचा नेम : मणी आणि खाच

संकेश्वर परिसरात हिरण्यकेशीच्या काठी उसाची शेती आहे. उभ्या उसाच्या फडाआड माणूस असला तरी तो दिसत नाही. म्हणून परवान्याची बंदूक बाळगणाऱ्याने नेमाचे साधन पारखून घेणे अगत्याचे आहे.

बारा बोअरच्या पंप बंदुकीच्या नळीच्या टोकाला बहुधा केवळ एक मणी असतो. अशा वेळी नेम धरणाऱ्याचा डोळा हाच मागचा बिंदू होय. गाल दस्त्यावरून किंचित उचलला की मार वर जातो. पसरणाऱ्या छऱ्यांना एवढी चूक चालते; एकसंध गोळीला चालत नाही. डोळ्याजवळची खाच व पुढील खूण यांत ६० सेंटिमीटर अंतर असता १ मिलिमीटरची चूक ३० मीटरवर ५ सेंटिमीटर होते.

यास्तव गोळीसाठी मागे खाच व पुढे चौकोनी पट्टी अशी जोडी निवडावी. पट्टीच्या दोहों बाजूंस सारखा उजेड दिसला पाहिजे. मार उजवीकडे जात असल्यास मागील खाच डावीकडे सरकवावी. मार वर जात असल्यास पुढील पट्टी अधिक उंच घ्यावी.

नळीची भिंत पातळ असते. तीस घरी छिद्र पाडू नये वा ती तापवू नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये बंदुकीच्या दुरुस्तीचा व्यवसाय करण्यासही परवाना लागतो. काम अशाच कारागिराकडे द्यावे. देण्यापूर्वी बंदुकीत एकही काडतूस नाही, याची खात्री करावी.

वन्य प्राण्यांबाबत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे निर्बंध पाळावेत. उत्तम खाचही फडाआडचा माणूस दाखवीत नाही. लक्ष्यामागे काय आहे हे कळल्याविना चापावर बोट ठेवू नये.